फायबरच्या पत्र्याखालचा सेकंद

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

"आभार कसले मानतेस, घड्याळ लागलं की कळव," असं तुम्ही म्हणाला होतात. घड्याळ लागलं. पण हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण चार भिंतींच्या आत बसून अचूक वेळ मिळवू पाहणारे माझ्यासारखे आणखी कितीतरी जण असतील. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाला यावं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात यूएसबीचा एक जीपीएस रिसीव्हर होता, उपग्रहांच्या लहरींवरून जागा आणि वेळ सांगणारा. "याच्याहून अचूक काही नाही," असं सांगून एका दुकानदाराने तो मला दिला होता. कोणता रिसीव्हर घेऊ, एवढंच मी विचारलं. तुम्ही उलट विचारलंत, "तुला वेळ किती अचूक हवी, आणि कशासाठी?" तोवर मला हे कुणीही विचारलं नव्हतं.

कशासाठी, ते सांगितलं. कसब्यातल्या आमच्या दुकानात लंबकाची जुनी घड्याळं दुरुस्तीला येतात. बाबा रेडिओच्या बातम्यांवर काटे लावायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच बातम्यांना फरक बघायचे. लंबकाखालचा नट थोडा फिरवायचा आणि पुन्हा एक दिवस थांबायचं. एका घड्याळाला असे आठ-दहा दिवस सहज जात. तुम्ही कागदावर गणित मांडलंत: दिवसाला एक सेकंद चूक म्हणजे दर सेकंदाला साधारण 11.6 मायक्रोसेकंद, मिनिटाला 0.7 मिलिसेकंद. म्हणजे खात्रीचा सेकंद शेजारी असेल, तर बाबांना जे दिवसभराने कळायचं ते मला काही मिनिटांत कळू शकतं. त्या कागदाची घडी अजून माझ्या गल्ल्यात आहे.

मग तुम्ही स्कोप, म्हणजे विजेचे ठोके पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावलात. तुमच्याकडच्या रिसीव्हरच्या मॉड्यूलला पीपीएस, म्हणजे दर सेकंदाला एकच ठोका देणारी, पिन होती; तिच्यावरचा ठोका पडद्यावर खिळा ठोकल्यासारखा उभा होता, आणि त्याच मॉड्यूलचा 'आता अमुक वाजले' हा संदेश त्याच्यामागे दर वेळी वेगळ्या अंतरावर उमटत होता. "संदेश सांगतो कितवा सेकंद, ठोका सांगतो नेमका केव्हा," असं तुम्ही म्हणालात. माझ्या यूएसबीवाल्यातून फक्त संदेशच बाहेर येत होता, तोही संगणकात पोचेपर्यंत आणखी रेंगाळत. संगणकाचं घड्याळ ढोबळ लावायला तो चालला असता, माझ्या लंबकाला नाही. पीपीएस बाहेर न काढलेला रिसीव्हर वेळेसाठी घेऊ नये, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

निओ-6एम हा स्वस्तातला रिसीव्हर मी नंतर आणला. त्या निळ्या पट्टीला चारच पिना, पीपीएस नाहीच. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून भिंग धरलंत आणि लुकलुकणाऱ्या दिव्याजवळच्या रेझिस्टरवर केसाएवढी तार डकवलीत. वाड्याच्या चौकात तो सुरेख चालला. दुकानात आणला की उपग्रह सुटायचे आणि दिवा बंद.

मला वाटलं, आता महागडा घ्यावा लागणार. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत, त्यासाठीच खरं तर हे पत्र. रिसीव्हरला चार गोष्टी शोधायच्या असतात, जागेची तीन मापं आणि वेळ, म्हणून चार उपग्रह लागतात. "पण तुझं दुकान कुठे हलतंय?" जागा एकदा मोजून पक्की केली की उरते फक्त वेळ, आणि तिला एक उपग्रहही पुरतो. हे जमणारे रिसीव्हर वेगळे, खास वेळेसाठी बनवलेले. मोबाइल टॉवरच्या जुन्या यंत्रांतून निघालेले असे रिसीव्हर स्वस्तात मिळतात, हे तुम्हीच सांगितलंत. त्यातला एलईए-एम8टी आपण घेतला. नकली निघू नये म्हणून आधी संगणकाला जोडून फर्मवेअरच्या, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्रामच्या, नावात 'टीआयएम' आहे ना, ते बघायला लावलंत. घरात जागेचं माप दहा मीटरनं चुकलं तर, ही माझी धास्तीही तुम्ही घालवलीत. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, 30 सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मीटरची चूक फार तर 33 नॅनोसेकंदांची. माझ्या लंबकाच्या हिशेबात ती कुठेच नाही.

राहिला अँटेनाचा प्रश्न. 20,200 किलोमीटर उंचीवरून येणारी ती क्षीण लहर आमच्या लोखंडी पत्र्यातून खाली उतरत नव्हती. तुम्ही गुडघे दुखत असताना शिडीवरून माळ्यावर चढलात आणि उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्याकडे बोट दाखवलंत. ते धातूचं नाही, त्यातून लहर येते. त्याच्या बरोब्बर खाली अँटेना ठेवली, तिच्याखाली काकूंच्या डब्याचं लोखंडी झाकण, म्हणजे खालून परतणाऱ्या लहरी अडतात. तीन उपग्रह मिळाले. कधी दोनच असतात, पण ठोका थांबत नाही.

माळ्यावर नेण्याआधी सगळं बिऱ्हाड चालू करून वीस मिनिटं चौकात ठेवायचं, हेही तुमचंच. एकदा पकडलेला उपग्रह रिसीव्हर क्षीण लहरीवरही धरून ठेवतो, पण नवा पकडायला लहर जोरकस लागते. शिवाय पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला आपल्या वेळेत अधूनमधून जे लीप सेकंद घालतात ते जीपीएस घालत नाही, म्हणून त्याची वेळ आपल्यापेक्षा 18 सेकंदांनी पुढे आहे, आणि तो आकडा सांगणारा संदेश पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागू शकतात. तोवर निओ-6एम त्याच्यात आधीच भरलेला जुना, 15 चा आकडा वापरत होता; पहिल्या दिवशी काटे तीन सेकंद पुढे का लागले होते, ते मला तेव्हा उमगलं.

काल एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचं घड्याळ लावलं. लंबकाच्या वाटेत प्रकाशाचा सेन्सर, शेजारी तुमचा ठोका. सकाळी घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडत होतं, दुपारी साडेचार सेकंद. मी नटाकडे हात नेला आणि थांबले. दांडा लोखंडी, आणि दुपारी दुकान पाच अंशांनी तापलेलं. एका अंशाला दिवसाकाठी अर्धा सेकंद, हे बाबा सांगायचे. पहिल्यांदा ते डोळ्यांनी पाहिलं. नट तसाच ठेवला, रात्री गारव्यात पुन्हा मोजलं आणि मगच तो किंचित फिरवला.

काका, तुम्ही चार रविवार दिलेत आणि रिक्षाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. झाकण आता माळ्यावरून हलवता येणार नाही. काकूंना नवा डबा आणला आहे, पण रिकामा कसा पाठवू? शनिवारी चकल्या करते, रविवारी घेऊन येते.

तुमची,
कसब्यातली घड्याळवाली