फर्माची पाचवी संख्या आणि ६४१

सांगली,
रविवार

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्याच्या पोरांसमोर फळ्यावर मांडायला एखादी मोठी संख्या सुचव, म्हणालास. माझ्या मते ४,२९,४९,६७,२९७ घे. २ चा ३२ वा घात अधिक १. २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातांत १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या येतात; त्या ओळीतली ही पुढची, मोजणी शून्यापासून म्हणून पाचवी. हीसुद्धा मूळच असणार, असं फ्रेंच गणिती फर्माला १६४० मध्ये वाटलं होतं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवलं.

पण ६४१ आयता सांगून टाकू नकोस. तो सापडतो कसा, ते खरं बघण्यासारखं आहे. समजा एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जातो. मग २ चे घात घेत त्या भाजकाने भागत गेलास, तर ३२ व्या घाताला बाकी उणे १ येते, ६४ व्याला १ येते, आणि ६४ च्या आधी १ कुठेच येत नाही. भाजकाहून एकने कमी असलेल्या घाताला बाकी १ येतेच, हा तर फर्माचाच सिद्धान्त. म्हणजे तो घात ६४ च्या पटीत हवा. पुढे फ्रेंच गणिती लुकासने हे ६४ चं १२८ वर नेलं, आणि तिथे काम फारच हलकं होतं.

आता १२८ च्या पटींत १ मिळवत जा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. १२९ आणि ५१३ ला ३ ने भाग जातो, ३८५ ला ५ ने. राहिली २५७. आपल्या संख्येतून २ वजा केले की मागच्या पाचही संख्यांचा गुणाकार मिळतो, म्हणून २५७ ने भागल्यावर बाकी २ च उरणार. म्हणजे प्रत्यक्ष भागून बघायचा पहिलाच भाजक ६४१! दहा आकडी संख्या अशी पहिल्याच घावात फुटते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पूर्ण भागाकारही करावा लागत नाही. २ चा १६ वा घात ६५५३६. त्यातून ६४१ × १०२ = ६५३८२ गेले, बाकी १५४. ३२ वा घात म्हणजे १६ व्याचा वर्ग, म्हणून १५४ चा वर्ग घे: २३७१६, त्यातून ६४१ × ३६ = २३०७६ गेले, उरले ६४०. शेवटचा १ मिळवला की ६४१, म्हणजे निःशेष भाग गेला.

दुसरा अवयव ६७,००,४१७. नवाचा ताळा करून घे: आपल्या संख्येचा ५, ६४१ चा २, याचा ७, दोन साते चौदा, म्हणजे ५. जमलं.

कॅल्क्युलेटर वापरायचाच तर मार्केट यार्डात अडत्यांकडे असतो तसला बारा आकडी घे. आठ आकड्यांच्या पडद्यावर ही संख्या मावत नाही. आणि कोणी प्रोग्रॅम लिहिला तर ३२ बिटांचा पूर्णांक नको. त्यात २ चा ३२ वा घात मावत नाही, शून्य होतो, अधिक १ केल्यावर नुसता १ उरतो, आणि पोरं चूक शोधत बसतात.

६७,००,४१७ स्वतः मूळ आहे, हेही पोरांकडूनच करून घे. तिचं वर्गमूळ २५८९ च्या आत आहे, आणि तिचे अवयवही १२८ च्याच साच्यातले. त्यामुळे २५७ सोडली तर चारच मूळ संख्या तपासायच्या: ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२ येतील. वहीत वेगळं काही आलं तर आधी वजाबाकीतला हातचा बघ.

तुझा,
अनंत