आधी फांदी चिरून बघ

सोलापूर,
आषाढीनंतरचा रविवार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एम.एस्सी.ला वनस्पती रोगशास्त्र घेणार म्हणालीस आणि मी बोलून गेलो, "रोगशास्त्र घेऊन काय करणार? शेवटी आपल्याच दुकानात औषधं विकायला बसणार का?" तू नुसतं "बरं अण्णा" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझं ते "बरं" दोन दिवस टोचतंय. फोनवर नीट बोलायला जावं तर मध्येच गिऱ्हाईक येतं. म्हणून आज दुकान बंद असताना लिहायला बसलोय. आई म्हणते, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका की. एवढं सगळं एका बोटानं टाइप करायला मला पुढची आषाढी लागेल.

मी चोवीस वर्षं कीटकनाशकं-बुरशीनाशकं विकतोय. गिऱ्हाईक काउंटरवर पान ठेवतं, मी एकदा पानाकडे बघतो, एकदा रॅककडे, आणि बाटली काढून देतो. यात निदान किती आणि अंदाज किती, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतो.

सांगोल्याकडचे एक तात्या होते, दोन एकर भगवा डाळिंब. एकेक फांदी पिवळी पडायची, मग अख्खं झाड वाळायचं. मी त्यांना तीन वेळा फवारणीचं औषध दिलं, तिन्ही वेळा महागातलं. पुढच्या हंगामापर्यंत निम्मी बाग गेली. ते भांडले नाहीत. उधारी चुकती केली आणि परत आले नाहीत. तेच जास्त लागलं.

नंतर कृषी दुकानदारांसाठीचा तो 'देसी' (DAESI) नावाचा वर्षभराचा डिप्लोमा आम्हाला करावा लागला. तेव्हा तू दहावीला होतीस आणि मला "विद्यार्थी अण्णा" म्हणून चिडवायचीस. त्यात एकदा आम्हाला केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात नेलं होतं. तिथं एका वाळलेल्या झाडाचं खोड आडवं कापून दाखवलं. आत कडेपासून गाभ्याकडे गेलेले करडे-काळपट पट्टे, चांदणी काढल्यासारखे. ही मर रोगाची बुरशी, सेरॅटोसिस्टिस. ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसते. म्हणजे रोग मुळात आणि खोडात, आणि मी तात्यांना औषध पानावर मारायला सांगत होतो.

त्याच दिवशी तिथल्या एका मॅडमनी तेल्याचं, म्हणजे डाळिंबावरच्या तेलकट डागांच्या रोगाचं, पान घेतलं. डागाच्या कडेचा बारीक तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. कापलेल्या कडेतून काहीतरी पांढुरकं वाहत होतं, ओल्या सरपणाचा धूर चुलीतून निघावा तसं. ते जिवाणू होते, लाखोंनी. तेल्याच्या नावावर मी किती माल विकला असेन, पण तेल्या बघितला तो त्या दिवशी. पाच मिनिटांची परीक्षा, खर्च काचपट्टीचा. असले डाग बुरशीचेही असतात, पण बुरशी असेल तर असा धूर निघत नाही. एवढं कळलं तरी बाटली बदलते.

म्हणून परवाचं माझं बोलणं चुकीचं होतं. औषधं विकायला माणसं पुष्कळ आहेत. आमच्या मार्केट यार्डाच्या बाजूला दुकानाला दुकान लागलंय. रोग कोणता ते सांगणारं माणूस मिळत नाही. तुझ्या त्या नेने सरांची गोष्ट तूच मला दिवाळीत सांगितलीस. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतला भात तांबूस पडून खुरटायचा, लोक त्याला खैरा रोग म्हणायचे. 1966 मध्ये पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. वाय. एल. नेने यांनी दाखवलं की हा जंतूंचा रोगच नव्हे, जमिनीत जस्त कमी आहे. झिंक सल्फेट दिलं की भात हिरवा. मी त्या काळी तिथं दुकान टाकलं असतं तर काय काय विकलं असतं, याचा विचार करून हसू येतं आणि लाजही वाटते.

आता संशोधनाचं. मला कळतं तेवढंच लिहितो, चुकलं तर लाल पेनानं दुरुस्त कर.

तेल्यावर आम्ही स्ट्रेप्टोसायक्लिन देत आलो. ते प्रतिजैविक आहे, माणसाच्या औषधातलं. केंद्र सरकारनं 2021 च्या अखेरीस शेतीतल्या या वापरावर बंदीचा मसुदा काढला, तेव्हा आमच्या संघटनेत मोठी ओरड झाली. मीही ओरडलो. पण खरं सांगू का, जिवाणू सारखं तेच औषध खाऊन सरावतात हे आम्हाला काउंटरवर दिसतच होतं. पूर्वी भागायचं तेवढ्या मात्रेत पुढं भागेना. मग त्याच्या जागी काय? उपयोगी जिवाणू, तेल्याच्या जिवाणूलाच खाणारे विषाणू, झाडाची स्वतःची ताकद वाढवणं, नाहीतर थेट रोग न घेणारं वाण. भगवा रंगाला, चवीला, बाजाराला उत्तम, पण तेल्यापुढं लगेच मान टाकतो. हे काम पुरं झालेलं नाही. ज्या विषयात काम बाकी आहे, त्यातच माणूस लागतं ना?

तेल्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला, आणि भाताचा कडा करपा आणणाराही त्याच कुळातला. भातावरचा जिवाणू पेशीत स्वतःची प्रथिनं सोडतो, ती झाडाच्या साखरेच्या फाटकाला किल्लीसारखी लागतात आणि साखर बाहेर येते. शास्त्रज्ञांनी भाताच्या जनुकात त्या कुलपाचीच भोकं बदलली, किल्ली लागेनाशी झाली. हे मला तूच समजावलंस, उपमा तेवढी माझी. आपल्याकडे 2022 मध्ये बाहेरचं जनुक न घालता केलेल्या अशा बदलांसाठी नियम सैल झाले, आणि मे 2025 मध्ये जनुक-संपादित भाताचे पहिले दोन वाण जाहीर झाले. ते रोगासाठी नव्हते, तरी वाट मोकळी झाली. डाळिंबाचा जनुकसंच 2017 पासून वाचायला उपलब्ध आहे. डाळिंबाचं कुलूप कुठलं, ते शोधायला सोलापूरची पोरगी बसली तर मला तरी वावगं वाटत नाही.

आणि सगळंच संशोधन एवढं बारीक नसतं. तुझे आजोबा मंगळवेढ्याच्या रानातली ज्वारी दाणे भरताना आडवी झाली की म्हणायचे, "पाणी तुटलं, पडली." कृषी खात्याचा माणूस म्हणायचा, "हा खडखड्या रोग आहे." दोघांचा वाद मी लहानपणी ऐकलाय. दोघंही बरोबर होते. ती बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं पडून असते आणि ताटाला पाण्याचा ताण पडला की आत शिरते. ताट पोकळ होतं, आतून कोळशाची पूड भरल्यासारखं काळं. आता उन्हाळे वाढतायत, पावसाचं गणित बिघडलंय. कोणता रोग कुठल्या तालुक्यात सरकेल हे सांगणारी माणसं लागतील. राज्याचा क्रॉपसॅप प्रकल्प 2009 पासून गावोगावचं कीड-रोग सर्वेक्षण गोळा करतोय. ती माहिती संगणकावर नीट वाचणं हेसुद्धा रोगशास्त्रच, असं मला वाटतं.

नोकरीचं मात्र तुला गोड करून सांगणार नाही. मामा म्हणतो एमपीएससी दे. दे की, कृषी सेवेची परीक्षा एम.एस्सी. करतानाही देता येते. एम.एस्सी.साठी आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) प्रवेश परीक्षा चांगल्या नंबरानं निघाली तर शिष्यवृत्तीसह बाहेरच्या राज्यातही जाता येईल. माझ्यासाठी थांबू नकोस. पुढं नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग एआरएस, म्हणजे कृषी शास्त्रज्ञांच्या भरतीची. जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल त्याचा नेम नाही. मधली वर्षं "यंग प्रोफेशनल" म्हणून प्रकल्पावर कंत्राटी काढावी लागतात. प्रकल्प संपला की पिशवी उचलायची. हे धरून चाल.

खाजगीत बियाणं कंपन्यांना वाण रोगाला टिकतो का हे तपासणारी माणसं लागतात. ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) रोपवाटिकांना रोपं विषाणूमुक्त असल्याची खात्री करून घ्यावी लागते. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीसारखं जैविक औषध बनवणाऱ्यांनाही बुरशी ओळखणारं कुणीतरी हवंच. निर्यातीच्या मालाला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, तिथं क्वारंटाइनचं वेगळंच जग आहे. त्याबद्दल तुझ्या सरांना विचार, मला फक्त कंटेनर अडकल्यावर शेतकरी किती शिव्या देतो तेवढंच माहीत.

एका गोष्टीपासून जप. माझ्याकडे रोगशास्त्रात एम.एस्सी. झालेली पोरं येतात, कंपनीचा टी-शर्ट, हातात टॅब, आणि म्हणतात, "शेठ, या महिन्यात दोन पेट्या तेवढ्या उचला." वर्ष झालं तरी त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला नसतो. पदाचं नाव मोठं असतं, काम टार्गेटचं. पोरं वाईट नाहीत, घर चालवायचं असतं. पण मुलाखतीत विचारून घे, प्रयोगशाळा आहे का आणि आठवड्यातले किती दिवस तिथं बसायचं.

आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी केल्यात. गेल्या वेळी मैत्रिणींनीच संपवल्या म्हणे, म्हणून दुप्पट आहेत.

आणखी एक काम आहे. काल माळशिरसकडचा एक तरुण पोरगा डाळिंबाच्या तीन फांद्या घेऊन आला. पानं पिवळी, खोडाला सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं. तो म्हणतो मर, शेजारी म्हणतो खोडकिडा, यूट्यूबवाला आणखी तिसरंच म्हणतो. मी एक फांदी चिरली, आत काळपट दिसलं, पण नक्की सांगता येईना. उरलेल्या दोन तू सांगितल्याप्रमाणे कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्यात, प्लॅस्टिकमध्ये नाही. मंगळवारी आपल्या शेजारचे काका नगरच्या पुढं चाललेत, ते राहुरीला उतरून तुझ्या वसतिगृहावर देतील, चटणीच्या डब्याबरोबर. तुमच्या विभागात दाखव आणि काय ते कळव. त्या पोराला मी आठ दिवसांनी बोलावलंय. तोवर औषध दिलेलं नाही.

तुझे,
अण्णा