आईच्याही तपासण्या करा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल तुम्ही आईचं बीपी सांगितलंत, १५२/७८. वर म्हणालात, "खालचं नॉर्मल आहे, वरचं या वयात चालायचंच." तेवढ्यासाठीच लिहायला बसले. फोनवर आई लगेच विषय बदलते.

वरचाच आकडा वाढतो तेव्हा बहुतेक वेळा धमन्या ताठर झालेल्या असतात. हृदयाचा ठोका पडला की महाधमनी थोडी फुगून रक्ताचा लोंढा सामावून घेते आणि मग सावकाश पुढे ढकलते. तिची लवचिकता गेली की वरचा आकडा चढतो आणि खालचा नॉर्मलच राहतो, कधी कधी उतरतोही. म्हणून त्या ७८वर विसंबू नका.

आई, पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नीट तयार होतं आणि त्या सैल राहतात. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन आटतं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल चढतं, धमन्याही भराभर कडक व्हायला लागतात. तुझी तर पिशवी बेचाळिसाव्या वर्षीच काढली. "सुटले एकदाची" म्हणाली होतीस. पण तेव्हा दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर इस्ट्रोजेन हळूहळू नाही, एकदमच गेलं. पंचेचाळिशीच्या आत असं झालेल्या बायकांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो. बाबा, कपाटातल्या जुन्या फाइलींत तो डिस्चार्जचा कागद शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. तुमचा ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट दरवर्षी होते, फाइल आईच सांभाळते. तिच्या नावाची फाइलच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शेजारच्या काकू म्हणतात त्या हार्मोनच्या गोळ्या हृदयासाठी म्हणून आता सुरू करू नकोस. अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनच्या गोळ्यांची मोठी चाचणी झाली. ती २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या होत्या. पन्नाशीच्या आसपास, घामाच्या लाटांचा फार त्रास होत असेल, तर गोष्ट वेगळी. तू बासष्टची आहेस.

आता एवढं करा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून बीपी घ्या आणि वहीत लिहा. आईचं लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करून घ्या. आणि आई, कमाटीबागेत बाबांबरोबर तूही चाल. ते फिरायला आणि तू दांडिया बाजारात भाजीला, हे फिरणं नव्हे, पिशव्या उचलणं आहे. सेव-उसळ बंद कर म्हणत नाही, पण रोज चहाबरोबर लिलो चिवडा आणि जेवताना पापड-लोणचं, यात दिवसाचं पाच ग्रॅम मीठ कधी ओलांडतं ते कळतही नाही.

अजून एक. बायकांना दर वेळी छातीत कळच येते असं नाही. जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, दरदरून घाम, जिना चढताना कधी नव्हे तो लागलेला दम, हेही हृदयाचं असू शकतं. असं अचानक झालं तर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसू नका. बाबा, आई नको म्हणाली तरी १०८ला फोन करा.

कागद सापडला की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा. डॉक्टरांची वेळ मी इथूनच घेते. शक्यतो शनिवारची, म्हणजे मलाही तिच्याबरोबर येता येईल.

तुमची लेक