फॉरमॅट मारण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, कॉम्प्युटर फार रेंगाळतोय म्हणून पुढच्या आठवड्यात तो दुरुस्तीवाला मुलगा फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकणार, असं तुम्ही फोनवर म्हणालात. ‘डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतो, काळजी नको,’ असंही त्यानं सांगितलंय. मुलगा कामाला चोख असेल, पण तुमचे मेल त्या दोन्ही ठिकाणी नाहीत. म्हणून लगेच लिहायला बसले. फोनवरही सांगता आलं असतं, पण लिहिलेलं समोर असलं की एकेक ओळ वाचत पडद्यावर ताडून बघता येईल.

आधी प्रोग्रामचं बोलते, कारण त्यात फारसं काही नाही. तुम्ही मेल वाचता तो थंडरबर्ड हा प्रोग्राम सी ड्राइव्हवर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसतो, तिथंच बसू द्या. जागा वाचवायची म्हणून तो डी ड्राइव्हवर टाकण्यात अर्थ नाही. तो काही शे एमबीचा, फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, गेला तर पुन्हा उतरवून घेता येतो. तरी कुणी ‘कस्टम’ निवडून जागा बदललीच, तर तुमच्या स्वतःच्या फायली असलेला फोल्डर देऊ नका. पुढे कधी प्रोग्राम काढून टाकला, तर त्याच्यासोबत त्या फायलीही पुसल्या जाऊ शकतात.

मेल मात्र पुन्हा कुठून उतरवता येणार नाहीत. ते आहेत सी ड्राइव्हवरच, पण ‘यूजर्स’मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात, त्यात ‘ॲपडेटा’, त्यात ‘रोमिंग’, मग ‘थंडरबर्ड’ आणि मग ‘प्रोफाइल्स’. तुमचे मेल आणि सेटिंग्ज ज्या फोल्डरात असतात, त्याला थंडरबर्ड ‘प्रोफाइल’ म्हणतो. ‘ॲपडेटा’ हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, त्यामुळे नुसतं शोधत गेलात तर सापडणार नाही. त्यापेक्षा थंडरबर्डमध्ये त्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करा, ‘हेल्प’ आणि मग ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. तिथं ‘प्रोफाइल फोल्डर’समोर ‘ओपन फोल्डर’चं बटण आहे. ते दाबलं की नेमकी जागा समोर येते.

त्या फोल्डरचं नाव विचित्र दिसेल: आधी अर्थ नसलेली आठ अक्षरं आणि आकडे, मग टिंब, मग बहुतेक ‘डिफॉल्ट-रिलीज’. आत ‘मेल’ नावाचा फोल्डर आहे, त्यात तुमच्या खात्याचा, आणि त्यात ‘इनबॉक्स’ नावाची फाइल, जिच्या नावापुढे टिंब-बिंब काहीच नाही. बाबा, तुमच्या इनबॉक्समधली सगळी पत्रं त्या एका फायलीत एकाखाली एक लिहिलेली आहेत. शेजारी तेच नाव आणि पुढे ‘एमएसएफ’ असलेली छोटी फाइल दिसेल. ती पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी आहे. बिघडली तर थंडरबर्ड नवी तयार करतो. मोठी फाइल मात्र कधीही नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका, आणि ‘ही कसली भलीमोठी फाइल’ म्हणून कुणाला पुसूही देऊ नका.

ती एवढी मोठी का, हे तुम्ही मागे विचारलं होतंत. मेलला जोडलेले फोटो आणि कागद पाठवताना अक्षरांत रूपांतरित करावे लागतात, तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे तीन एमबीचा फोटो फायलीत चार एमबी जागा घेतो. शिवाय डिलीट केलेला मेल फायलीतून लगेच जात नाही, फक्त दिसेनासा होतो. ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावर जागा खरी मोकळी होते. हलवाहलवीआधी तेवढं एकदा करून घेऊ.

आता मला ज्याची खरी धास्ती आहे ते. तुमचं खातं पॉप पद्धतीचं आहे. मेल सर्व्हरवरून, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरून, उतरवायचा आणि सर्व्हरवरचा पुसून टाकायचा, असं ते लावलेलं आहे. खातं उघडलंत तेव्हा सर्व्हरवर जागा अगदी थोडी मिळायची, त्यामुळे ते बरोबरच होतं. पण त्याचा अर्थ असा की नोकरीतल्या शेवटच्या काही वर्षांपासूनचा तुमचा सगळा पत्रव्यवहार जगात फक्त त्या एका डिस्कवर आहे. तुमच्या मित्रांची पत्रं, ज्यांतले काही आता नाहीत. धाकट्या काकांनी आजारपणात लिहिलेले ते लांबच लांब मेल. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ची कॉपी झाली आणि फॉरमॅट झाला, तर यातलं एकही परत मिळवायची खात्री कुणी देऊ शकणार नाही.

म्हणून माझं मत असं: प्रोग्राम सीवर राहू द्या, आणि अख्खा प्रोफाइल फोल्डर डी ड्राइव्हवर ‘बाबांचे मेल’ अशा सरळ नावाच्या फोल्डरात ठेवू. नाव वाचून घरातल्या कुणालाही कळलं पाहिजे की इथं काय आहे. पुढे विंडोज कितीदाही नव्यानं टाकलं तरी डीला हात लागायचं कारण नाही. फक्त त्या मुलाला स्पष्ट सांगा की फॉरमॅट सीचाच मारायचा. काही जण सफाई म्हणून डिस्कवरचे सगळे भाग पुसून नव्यानं पाडतात.

अजून एक बघून ठेवा. ‘स्टार्ट’वर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. सी आणि डी दोन्ही ‘डिस्क झीरो’च्या ओळीत दिसले, तर ते एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. मग डीवर ठेवल्यानं फॉरमॅटपासून बचाव होतो, पण डिस्कच बंद पडली तर दोन्ही एकदम जातात. त्यासाठी बाहेरच्या डिस्कवर वेगळी कॉपी हवीच.

ती कॉपी नुसती कॉपी राहू द्या. बाहेरच्या डिस्कवरच मेल ठेवून तिथूनच रोज वापरायचे, असं करू नका. एखाद्या दिवशी ती डिस्क ‘ई’ऐवजी ‘एफ’ म्हणून लागली की थंडरबर्डला प्रोफाइल सापडत नाही, आणि मेल येत असताना वायर ओढली गेली तर फाइल बिघडू शकते. पेनड्राइव्हवर घ्यायला जाल, तर बरेचसे पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचे असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. तुमची इनबॉक्सची फाइल मी पाहिली होती तेव्हाच त्याच्या पुढे होती.

वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीला जोडलेल्या फोल्डरात ठेवायचं का, असं तो मुलगा सुचवेल कदाचित. चालू मेलबॉक्स तिथं नको. ती फाइल सारखी बदलत असते, एकीकडे थंडरबर्ड तिच्यात लिहितोय आणि दुसरीकडे वनड्राइव्ह ती वर चढवतोय, या ओढाताणीत फाइल अडकते किंवा तिच्या दोन आवृत्त्या होतात. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर बऱ्याच कॉम्प्युटरवर आपोआप वनड्राइव्हला जोडलेला असतो, म्हणून तोही नको.

हलवायचं असं: थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो विचित्र नावाचा फोल्डर आहे तसा अख्खा ‘बाबांचे मेल’मध्ये कॉपी करा. कट नाही, कॉपी. मग विंडोजची कळ आणि ‘आर’ एकदम दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत थंडरबर्ड, एक जागा सोडून छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून कॅपिटल पी असं लिहून एंटर मारा. प्रोफाइल निवडायची खिडकी येईल. ‘क्रिएट प्रोफाइल’ करताना ‘चूज फोल्डर’ दाबून डीवरचा तो विचित्र नावाचा फोल्डर दाखवा. जुनी पत्रं दिसली, एखादा फार जुना मेल उघडला, नवा मेल आला, की जमलं. जुनं प्रोफाइल यादीतून काढायची घाई नको. काढलंच, तर विचारल्यावर ‘डोन्ट डिलीट फाइल्स’च निवडा.

फॉरमॅटनंतर हेच पुन्हा एकदा करावं लागेल, कारण नव्यानं टाकलेल्या थंडरबर्डला डीवर काय आहे याचा पत्ता नसतो. तो कोरा उघडेल आणि नवं खातं तयार करायला सांगेल. घाबरू नका, आणि नवं खातंही तयार करू नका. बंद करा, पुन्हा तीच खिडकी उघडा आणि तोच फोल्डर दाखवा.

आई, तुझं खातं आयमॅप पद्धतीचं आहे, त्यामुळे तुझे मेल सर्व्हरवर असतात आणि फोनवरही दिसतात. तुला एवढी धावपळ नाही. पण जागा भरत आली म्हणून तू काही मेल डावीकडे खाली ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ओढून टाकलेस ना, ते आता सर्व्हरवर नाहीत. बाबांच्या पत्रांसारखेच ते फक्त त्या डिस्कवर आहेत. तुम्हा दोघांची खाती एकाच थंडरबर्डमध्ये असल्यामुळे फोल्डर हलवताना तेही सोबत येतील, तरी नंतर उघडून बघ.

एक शेवटचं. त्या प्रोफाइल फोल्डरात मेलबरोबर तुम्ही साठवलेले पासवर्डही असतात, आणि वेगळा मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर तो फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचे मेल आणि पासवर्ड दोन्ही मिळतात. तेव्हा बाहेरची डिस्क त्या मुलाकडे देऊ नका, ‘मी घरी नेऊन कॉपी करून आणतो’ म्हणाला तरी नाही. कॉपी आपण करायची, डिस्क काढून कपाटात ठेवायची, मग त्यानं कामाला हात लावायचा. रविवारी सकाळी तुम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसा, मी फोनवर असेन. कॉपी झाल्यावर मूळ आणि कॉपी केलेल्या, दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला आकार आणि फायलींची संख्या मला वाचून दाखवा. दोन्हीकडे आकडे सारखे आले की त्याला यायला सांगा, त्याआधी नाही.

काळजी घ्या.

तुमची लेक