पाटीवर आईचं नाव

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाचा फोन आला होता. दुकानाची पाटी नव्यानं रंगवायची आहे, आजोबांचं आणि बाबांचं नाव टाकतो म्हणाला. मी त्याला थांब म्हटलं. का, ते तुम्हाला लिहिते.

धंद्याची गोष्ट निघाली की बाबा, तुम्ही आजोबांच्या मोटेपासून सुरू करता. गावातल्या विहिरींचं पाणी उपसायच्या कातडी मोटा आपल्या ओट्यावर शिवल्या जायच्या, खळ्यावर ज्वारी मिळायची. मग इंजिनं आली, विजेचे पंप आले आणि मोटा गोठ्याच्या आढ्याला लटकल्या. तुम्ही वहाणांकडे वळलात. तळाला ट्रकच्या टायरचा तुकडा. वावरातल्या पऱ्हाटीच्या खुंटांपुढे तोच टिकायचा. पैसे मात्र कापसाचा चुकारा आल्यावर.

या गोष्टीत आई कुठंच नसते.

मला तर आधी तीच आठवते. कातडं चुन्याच्या पाण्यातून निघालं की केस खरवडायला तीच बसायची. मग त्याची पिशवी शिवून तीन बांबूंना टांगायची, आत बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरायचं, खाली गळलेलं पुन्हा वर ओतायचं. दिवस दिवस हेच. आई, तुझी बोटं त्या पाण्यानं तांबूस झालेली असायची. शाळेत पोरी माझ्याजवळ बसायच्या नाहीत, वास येतो म्हणायच्या. तुला कधी सांगितलं नाही. पोळ्याच्या आधी बैलांच्या पट्ट्यांना घुंगरं लावत तू रात्र रात्र कंदिलापाशी बसायचीस. तोरणाखाली बैल उभे राहिले की नाव बाबांचं व्हायचं.

2015 मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. कातडं आपण तेव्हा विकतच आणत होतो, तेही मिळेनासं झालं. बाबा, तुम्ही कातडं कापायची रापी आणि शिवायची आरी पेटीत टाकून मजुरीला निघाला होता. आईनंच ती पेटी आठवडी बाजारात नेली, पाल टाकलं आणि तुटक्या चपला, दप्तरांच्या चेन शिवायला घेतल्या. बाई माणूस आरी धरते म्हणून लोक बघत उभे राहायचे. ती मान वर करायची नाही. तुमच्या गुडघ्यांचं ऑपरेशन त्याच पैशातून झालं.

म्हणून पाटीवर आईचं नाव आधी येऊ द्या. रंगाचे पैसे मी पाठवते. आरीची मूठ सैल झाली आहे असं ती मागं म्हणाली होती. दिवाळीला येताना नवी आणते.

तुमची,
बेबी