गेम सुरू व्हायच्या आधीचे पाच सेकंद मुलांच्या हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की आपल्या पेपरात मुलांच्या स्क्रीन टाइमवर दरवर्षी काहीतरी छापून येतं, आणि यायलाच पाहिजे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या लेखांमधे मूल म्हणजे फक्त बघणारं असतं, मोबाईल काढून घेतला की प्रश्न संपला असं. मुलांनी त्या स्क्रीनवर स्वतः काही बनवून लावलं तर काय होतं हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या घरी एक घरगुती गेमिंग कन्सोल आहे. रास्पबेरी पाय ३ चा बोर्ड (हातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणतो), त्यात मेमरी कार्डवर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं, दोन यूएसबी कंट्रोलर, आणि माळ्यावर पडून असलेला जुना डब्बा टीव्ही. पायच्या ऑडिओच्या जॅकमधूनच जुन्या टीव्हीचं पिवळ्या पिनवालं व्हिडिओ सिग्नल पण निघतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फक्त केबल घेताना बघून घ्या, कारण कॅमकॉर्डरची केबल दिसायला सेम असते पण तिच्यात व्हिडिओ आणि ग्राउंड उलटसुलट असू शकतात. आणि चित्र ब्लॅक अँड व्हाईट आलं तर टीव्ही बिघडला असं समजू नका, पाय मुळात एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीने सिग्नल देतो आणि आपले जुने टीव्ही पीएएल पद्धतीचे, त्यामुळे पायच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाईलमधे एसडीटीव्ही मोड २ केलं की रंग येतात.

तर या कन्सोलवर गेम निवडला की गेम सुरू व्हायच्या आधी एक छोटा व्हिडिओ लावता येतो. प्रत्येक जुन्या गेमिंग मशीनसाठी वेगळा, एनईएसचा वेगळा, मेगाड्राइव्हचा वेगळा, प्लेस्टेशनचा वेगळा. याला व्हिडिओ लोडिंग स्क्रीन म्हणतात. दिसायला ही निव्वळ सजावट आहे, पण मला विचाराल तर सहावी सातवीच्या मुलाला कॉम्प्युटर नक्की काय करतो हे दाखवायला याच्याइतकी चांगली गोष्ट मी अजून पाहिलेली नाही.

कारण आतलं काम एकदम उघडं आहे. रेट्रोपायमधे गेम थेट सुरू होत नाही, मधे रनकमांड नावाची स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाईल) असते, ती ठरवते कुठला इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लावायचा ते. आणि ही रनकमांड गेम सुरू करायच्या आधी बघते की रनकमांड-ऑनस्टार्ट नावाची एखादी फाईल तुम्ही ठेवलीय का, ठेवली असेल तर आधी ती चालवते. चालवताना तिच्या हातात चार गोष्टी देते, याच क्रमाने - मशीनचं नाव, इम्युलेटरचं नाव, गेमच्या फाईलचा पूर्ण पत्ता, आणि चौथी म्हणजे जी कमांड चालणार आहे ती अख्खी. बस. आता तुम्ही त्या फाईलमधे एवढंच लिहायचं, की पहिल्या गोष्टीच्या नावाचा एमपीफोर व्हिडिओ अमुक फोल्डरमधे आहे का बघ, असेल तर लाव, नसेल तर गप्प पुढे जा. चार ओळींचं काम. मग मुलं स्वतःच विचारतात की एकाच गेमसाठी स्पेशल व्हिडिओ लावता येईल का, तर येतो, तिसऱ्या गोष्टीतून गेमचं नाव काढायचं, त्या नावाचा व्हिडिओ आधी शोधायचा, नाही मिळाला तर मशीनचा. हेच ते इफ-एल्स जे शाळेच्या पुस्तकात डायमंडच्या आकारात काढून पाठ करायला लावतात, आणि इथे ते टीव्हीवर खरोखर घडताना दिसतं. माझ्या भाच्याने पुढे जाऊन एका मशीनसाठी एक फोल्डरच केला, त्यात बरेच व्हिडिओ टाकले आणि शफ नावाच्या कमांडने दरवेळी त्यातला कुठलाही एक उचलायला लावला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

आता एक गोष्ट जी समजल्याशिवाय हे नीट जमत नाही. हा व्हिडिओ लोडिंग लपवत नाही. व्हिडिओ पूर्ण संपल्यावरच रनकमांड पुढे सरकते आणि तेव्हा कुठे गेम लोड व्हायला लागतो, म्हणजे व्हिडिओ जेवढा लांब तेवढा वेळ उलट वाढतोच. व्हिडिओ लावायच्या ओळीच्या शेवटी अँडचं चिन्ह (&) टाकलं तर व्हिडिओ मागे चालत राहतो आणि गेम पण सुरू होतो, मग दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि पडद्यावर कोण दिसेल याचा नेम नाही. म्हणून माझं ठाम मत, व्हिडिओ पाच सेकंदांच्या वर नको. नाटकाची तिसरी घंटा कशी, वाजली की पडदा वर, तसं पाहिजे. काही लोक अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ लावतात, तेही अंगावर येणाऱ्या आवाजात, पहिल्यांदा मजा वाटते पण तिसऱ्यांदा मुलं कंट्रोलर खाली ठेवून पळतात.

मग हे लावायचंच कशाला असा प्रश्न येईल. तर ही वाट बघण्याची गंमत गेमिंगच्या इतिहासातच आहे आणि ती मुलांना सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधे १९८२ ला झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा कॉम्प्युटर आला, त्याचे गेम गाण्याच्या कॅसेटवरून लोड व्हायचे आणि अख्खा गेम यायला चार पाच मिनिटं सहज लागायची. तेवढा वेळ माणसाने काय बघायचं, म्हणून आधी एक चित्र लोड करायचे, बरोबर ६९१२ बाइटचं. त्यातले पहिले ६१४४ बाइट नुसत्या रेघा आणि ठिपके, आणि शेवटचे ७६८ बाइट रंगाचे, त्यामुळे चित्र आधी बिनरंगी उमटत जायचं, तेही सलग वरून खाली नाही तर तीन पट्ट्यांमधे ओळी सोडून सोडून, आणि मग शेवटी भराभर रंग भरायचे. आपल्याकडे जे कॅसेटवाले व्हिडिओ गेम घरोघरी होते, ज्यात फुंकर मारून कॅसेट लावायचो, त्यांना लोडिंग का नव्हतं? कारण ती कॅसेट म्हणजे टेप नव्हतीच, आत चिप होती आणि मशीनचा प्रोसेसर गेम थेट त्या चिपमधूनच वाचायचा, कुठून कुठे काही आणायची गरजच नाही. मग प्लेस्टेशन आलं, जपानमधे डिसेंबर १९९४ ला, सीडीवालं, आणि वाट बघणं परत आलं. त्याचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० किलोबाइट वाचायचा आणि मेन मेमरी २ मेगाबाइट, मुलांना भागाकार करायला सांगा, सात सेकंद येतात, ते पण ड्राइव्हला इकडे तिकडे उडी मारावी लागली नाही तर. रेसिडेंट इव्हिलमधे (१९९६) एका खोलीतून दुसरीत जाताना अंधारात हळूहळू दार उघडताना दिसतं ना, ती भीती दाखवण्यासाठी जेवढी आहे तेवढीच पुढची खोली सीडीवरून येईपर्यंत वेळ काढायला आहे. गेम बनवणाऱ्या नामको कंपनीने तर रिज रेसर हा गेम लोड होत असताना खेळायला गॅलॅक्सियन हा छोटा गेम दिला आणि लोडिंगमधे दुसरा गेम खेळायला देण्याच्या कल्पनेवर अमेरिकेत पेटंटच घेतलं, ते २०१५ पर्यंत चाललं! एवढ्या अडचणीतून लोकांनी काय काय काढलं हे मला तरी फार भारी वाटतं.

बरं, व्हिडिओ आणायचा कुठून. तयार व्हिडिओ नेटवर भरपूर मिळतात, कंपन्यांचे लोगो चकचकीत फिरवलेले. माझी विनंती आहे की ते नका घेऊ. घरात बनवा. माझी भाची आठवीत आहे, तिने मेगाड्राइव्हसाठी अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूने एक गाडी काढली, मोबाईल स्टुलावर डब्याला टेकवून पक्का केला, आणि प्रत्येक फोटोला चाकं पुसून थोडी पुढे काढायची, परत फोटो. सेकंदाला आठ फोटो धरले तरी पाच सेकंदांना चाळीस लागतात. पुसलेल्या खडूचा पांढरा ढग फरशीवर राहतोच, तो गाडीच्या मागे धुरळ्यासारखा दिसतो, आणि मधेच एका फोटोत शेजारच्या मांजरीचं शेपूट आलंय. ते तिने ठेवलं, काढू दिलं नाही. गाडीचा आवाज तिच्या धाकट्या भावाने तोंडाने काढलाय. आता घरी कोणी आलं की गेमपेक्षा आधी तो व्हिडिओ दाखवला जातो.

बनवून झाल्यावर थोडं तांत्रिक काम असतं. मोबाईलवरचा व्हिडिओ बऱ्याचदा एच २६५ मधे (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) असतो आणि पाय ३ च्या चिपला तो झेपत नाही, ती एच २६४ ही आधीची पद्धत हार्डवेअरवर चालवते, म्हणून एफएफएमपेग हा प्रोग्रॅम वापरून एच २६४ मधे करून घ्यायचा, आणि डब्बा टीव्ही असेल तर ६४० बाय ४८० पुरे, उगाच फुल एचडी नको. गंमत म्हणजे नवीन पाय ५ मधे उलटं आहे, एच २६५ चं हार्डवेअर आहे आणि एच २६४ चं काढून टाकलंय, प्रोसेसर ताकदवान असल्याने चालतं ते सोडा. जुन्या माहितीत सगळीकडे ओएमएक्सप्लेअर हा व्हिडिओ प्लेअर सांगितलेला असतो, नवीन रास्पबेरी पाय ओएसमधून तो गेलाय, तिथे व्हीएलसी किंवा एमपीव्ही वापरायचा. आणि प्लेअर जी काही अक्षरं छापतो ती डेव्ह-नलकडे (लिनक्समधली कचऱ्याची टोपली) वळवा, नाहीतर व्हिडिओच्या आधी पडद्यावर कचरा चमकतो.

सगळं बरोबर लिहूनही व्हिडिओ लागत नसेल तर पहिला संशय विंडोजच्या नोटपॅडवर घ्या. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं न दिसणारं चिन्ह टाकतं आणि पायवर चालणाऱ्या लिनक्सला ते फाईलच्या नावाचाच भाग वाटतं, मग ती फाईल सापडणार कशी. डॉस-टू-युनिक्स नावाची कमांड चालवली की सुटतं. आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसली तर वीज कमी पडतेय, कुठलाही मोबाईलचा चार्जर लावू नका, पाय ३ ला ५ व्होल्ट अडीच अँपिअरचा चांगला अडॅप्टर लागतो.

गेमच्या फाईलींबद्दल पण स्पष्ट लिहितो कारण पेपरात हे यायला हवं. गेम जुना झाला म्हणून तो फुकट होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, म्हणजे ऐंशीच्या दशकातले गेम पण अजून मालकांचेच आहेत. पण मोकळे गेम मिळतात, मेम नावाच्या इम्युलेटरच्या अधिकृत साइटवर मालकांनी परवानगी दिलेले काही आर्केड (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचे) गेम आहेत, आणि जुन्या मशीनसाठी आजही हौशी लोक नवीन गेम बनवून फुकट वाटतात. शाळेत वापरायचं असेल तर हेच वापरावेत.

शाळेवरून मूळ मुद्दा. रास्पबेरी पाय हा बोर्ड बनलाच मुळी यासाठी. केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला येणारी मुलं कमी होत चालली आणि जी येतात त्यांनी घरी कधी प्रोग्रॅमिंग केलेलंच नसतं, हे एबन अपटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून २९ फेब्रुवारी २०१२ ला हा बोर्ड विकायला आला. आपल्याकडे २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आहेत, सहावी ते बारावीसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. ज्या शाळेत अशी लॅब आहे तिथे जुना टीव्ही आणि एक पाय ठेवून प्रत्येक गटाला सांगावं, तुमचा पाच सेकंदांचा व्हिडिओ बनवा आणि लावून दाखवा. चित्रकलेच्या बाईंनाही यात काम आहे, कॉम्प्युटरच्या सरांनाही. माझ्या माहितीतल्या एका शाळेत लॅबला कुलूप असतं, पाहुणे आले की उघडतात, हे बघवत नाही.

आणि आपल्याला विनंती अशी, की मुलांच्या पानावर किंवा विज्ञानाच्या पानावर महिन्यातून एकदा तरी अशी करून बघायची गोष्ट मराठीत द्या, नवीन मोबाईलच्या परीक्षणाची जागा थोडी कमी करून. इंग्रजी येत नाही म्हणून जी मुलं इथे अडतात ती हुशारीत कमी नसतात, त्यांना कुठली ओळ कुठे लिहायची एवढंच सांगणारं कोणी नसतं. लिहायला लोक मिळतील, मीही तयार आहे, मानधन नको. फक्त एक करा, कमांड छापताना ती पान लावणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमधून सुधारून जाऊ देऊ नका. सॉफ्टवेअर सरळ अवतरणचिन्ह वाकडं करतं आणि दोन छोट्या डॅशचा एक लांब डॅश करतं, छापून छान दिसतं, पण पोरगं तसंच्या तसं टाइप करेल आणि चालणार नाही. कमांड वेगळ्या चौकटीत, टाइपरायटरसारख्या अक्षरात, जशीच्या तशी द्या, आणि छापायच्या आधी कोणाला तरी पानावरून बघून टाइप करून चालवायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा