गठ्ठा मतं आणि स्टार काउंटीची वही

प्लेनो, टेक्सास
१२ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप अण्णाकाका यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

ज्यांना ट्रम्प हाकलायला निघाला त्याच स्पॅनिश बोलणाऱ्यांनी त्याला मतं कशी दिली, आणि बंगल्यांत राहणारी खाऊनपिऊन सुखी मंडळी डेमोक्रॅट कशी झाली, असं तुम्ही विचारलंत. येत्या १५ तारखेला तुमच्याकडे महापालिकेचं मतदान आहे, म्हणजे तुमची आकड्यांची वही बाहेर आलेली असणारच. तिचंच एक पान या उत्तरासाठी द्या.

पानावर नाव लिहा : स्टार काउंटी. काउंटी म्हणजे इथला जिल्हाच समजा. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर. नदीपलीकडे मेक्सिको. लोकसंख्या साधारण ६५ हजार, आपल्या एखाद्या लहानशा तालुक्याएवढीही नाही, आणि त्यात शंभरातले ९७ हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतले. १८९६ पासून २०२० पर्यंत अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत ही काउंटी डेमोक्रॅटांकडे होती. २०२४ मध्ये ट्रम्पकडे गेली. आता तीन ओळी, आकडे शेकड्यात गोल करून :

२०१६ : क्लिंटन ९,३००, ट्रम्प २,२००
२०२० : बायडन ९,१००, ट्रम्प ८,२००
२०२४ : हॅरिस ६,९००, ट्रम्प ९,५००

टीव्हीवर टक्के दाखवतात. डेमोक्रॅट ७९ वरून ५२ वर, तिथून ४२ वर. ऐकणाऱ्याला वाटतं, माणसं रांगेने उठली आणि दुसऱ्या मांडवात जाऊन बसली. पण मधली ओळ नीट बघा. २०२० मध्ये डेमोक्रॅटांची फक्त दोनशेच्या आसपास मतं घटली आणि ट्रम्पची सहा हजार वाढली. ही सहा हजार बहुतेक अशांची, जे चार वर्षांपूर्वी मतदानाला फिरकलेच नव्हते. आतल्या आत थोडी अदलाबदल झालीही असेल, ती बेरजेत दिसत नाही. खरी गळती पुढच्या खेपेची. २०२४ मध्ये डेमोक्रॅटांची २,२०० गेली, ट्रम्पची १,३०० वाढली, एकूण मतदान हजारभराने उतरलं. म्हणजे काही जण पलीकडे गेले आणि काही घरी बसले. आधी नवे आले, मग जुने गेले. टक्क्यात या दोन्ही गोष्टी एकसारख्याच दिसतात, म्हणून टक्का शेवटी लिहायचा.

नवे आधी का येत नव्हते? तिथली खरी निवडणूक मार्चमध्येच, डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात), उरकायची. न्यायाधीश, शेरीफ, शाळा मंडळ, सगळे त्याच पक्षाचे, त्यामुळे भांडण घरातल्या घरात. नोव्हेंबरात नुसता शिक्का. शिवाय टेक्सासच्या मतपत्रिकेवर वरच एक चौकट असायची. ती भरली की खालच्या सगळ्या पदांना त्या पक्षाचं मत. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत ‘पॅनल टू पॅनल’ सांगतात ना, अगदी तेच, फक्त छापील. तो कायदा २०१७ मध्ये बदलला आणि २०२० च्या निवडणुकीपासून चौकट गेली. वेगळं मत आधीही देता येत होतं, पण त्यासाठी वेगळी खूण करायचे कष्ट होते. आता प्रत्येक पदाला वेगळी खूण करावीच लागते, मग वर ट्रम्प आणि खाली ओळखीचा डेमोक्रॅट हे सहज जमतं. २०२४ मध्ये झालंही तसंच. स्टार काउंटी ज्या २८ व्या मतदारसंघात येते, तिथे ट्रम्प पुढे राहिला आणि काँग्रेसवर (म्हणजे इथल्या संसदेवर) मात्र डेमोक्रॅट हेन्री कुएलार पुन्हा निवडून गेले. शेजारच्या ३४ व्या मतदारसंघात विसेंते गोन्सालेस यांचंही तेच.

कारणं पोटापाण्याची. त्या भागात बऱ्या पगाराची नोकरी म्हणजे तेल-वायूच्या विहिरी, बॉर्डर पॅट्रोल, नाहीतर शेरीफचं खातं. २०२० मध्ये एकीकडे ‘पोलिसांचा निधी काढा’ अशा घोषणा आणि दुसरीकडे शेवटच्या वादफेरीत बायडन यांचं तेलउद्योगातून हळूहळू बाहेर पडण्याचं बोलणं, या दोन्ही गोष्टी माणसांच्या थेट जेवणाच्या ताटापर्यंत पोचल्या. पुढे जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. आणि घुसखोरांविषयी बोललं की हिस्पॅनिक माणूस दुखावतो, हे गृहीतकही तिथे चालत नाही. मेक्सिकोशी झालेल्या १८४८ च्या तहानंतर तो मुलूख अमेरिकेत आला. ‘आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दच आम्हाला ओलांडून गेली’ असं तिथले लोक म्हणतात. काल नदी पार करून आलेल्याशी त्यांचं नातं तुम्ही-आम्ही समजतो तितकं जवळचं नाही.

म्हणूनच ‘हिस्पॅनिक मतं’ हा गठ्ठा मला पटत नाही. मायामीचा क्यूबन कास्त्रोला टाळून आलेला. त्याच्यापुढे ‘समाजवाद’ एवढा शब्द उच्चारला तरी पुरतो. मायामी-डेड काउंटीत क्लिंटन २०१६ मध्ये २९ टक्क्यांनी पुढे होत्या, बायडन ७ ने, आणि २०२४ मध्ये ट्रम्पच ११ ने पुढे गेला. तिथे रिपब्लिकन त्याआधी जिंकला होता १९८८ मध्ये. अमेरिकेच्याच ताब्यातल्या पोर्तो रिको बेटाचा माणूस तर १९१७ पासून नागरिकच आहे. बेटावर राहिला तर अध्यक्षासाठी मत नाही, ऑर्लँडोला घर केलं की आहे. त्याला व्हिसाच्या राजकारणाशी काय देणंघेणं? टेक्सासचा मेक्सिकन वंशाचा पाचव्या पिढीतला शेतकरी आणि न्यू जर्सीतला डॉमिनिकन दुकानदार यांच्यात समान काय, तर सरकारी अर्जावरची एक चौकट.

आकड्यांच्या बाबतीतही सावध राहा. २०२४ मध्ये हिस्पॅनिकांतले किती ट्रम्पकडे गेले? एडिसनचा एक्झिट पोल म्हणतो ४६ टक्के, एपी वृत्तसंस्थेची पाहणी ४३, आणि ज्यांनी मत दिलं हे मतदार यादीवरून पडताळून प्यू संस्थेने काढलेला आकडा ४८. दोन वेगळ्या पाहण्यांतला एकेक आकडा उचलून ‘इतके वाढले’ म्हणायचं नाही. प्यूचेच तीन घ्या : २०१६ ला २८, २०२० ला ३६, २०२४ ला ४८. दिशेबद्दल कुणाचं दुमत नाही, मापाबद्दल आहे.

इथली मतदार यादी तुम्हाला आवडेल. कुणी कुणाला मत दिलं ते गुप्त, पण मत दिलं की नाही हे उघड. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनियात नावापुढे पक्षही असतो. तो काही आपल्यासारखा सदस्य नव्हे; पावती नाही, वर्गणी नाही, नोंदणीच्या अर्जावर खूण केली की झालं. ती खूण वर्षानुवर्षं कुणी बदलत नाही, त्यामुळे मत आधी फिरतं आणि नोंदणी मागाहून. टेक्सासात तर नावापुढे पक्षच नाही. कोण कुठल्या प्रायमरीला गेला एवढंच कळतं. आणि हिस्पॅनिक कोण हे अनेकदा आडनावावरून ठरवतात. वसईचा परेरा इथे येऊन नागरिक झाला तर यंत्र त्याला बिनदिक्कत त्या ढिगात टाकायचं! स्पॅनिश आडनावांच्या फिलिपिनो लोकांच्या बाबतीत ही चूक नेहमीची.

आता बंगलेवाले. उपनगर म्हटल्यावर बोरिवली-मुलुंड डोळ्यांपुढे आणू नका. सुटी घरं, दोन गाड्यांचं गॅरेज, आणि घर बघण्याआधी शाळा बघायची, कारण शाळा घरपट्टीवर चालते. आमची कॉलिन काउंटी त्यातलीच. २०१२ मध्ये रिपब्लिकन रॉम्नी यांना १ लाख ९७ हजार, ओबामांना १ लाख १ हजार. २०२० मध्ये ट्रम्पला २ लाख ५२ हजार, बायडनना २ लाख ३१ हजार. टक्का ६५ वरून ५१ वर घसरला, पण रिपब्लिकनांची मतं ५५ हजारांनी वाढलेलीच आहेत! इथे जुना मतदार फिरला त्याहून नवा मतदार येऊन वसला हे मोठं कारण. टोयोटाने कॅलिफोर्नियातलं आपलं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय २०१७ मध्ये प्लेनोत आणलं, बाकीच्या कंपन्या आल्या, सोबत पदवीधर माणसं आली. २०२४ मध्ये काटा पुन्हा ५४-४३ असा उजवीकडे सरकला.

जुना मतदार फिरलेला बघायचा तर पेनसिल्व्हेनियातली चेस्टर काउंटी घ्या. तिथे वस्ती अशी फुगलेली नाही. २०१२ मध्ये रॉम्नी तिथे पाचशेच्या आसपास मतांनी जिंकले, २०१६ मध्ये क्लिंटन ९ टक्क्यांनी आणि २०२० मध्ये बायडन १७ टक्क्यांनी. अटलांटाभोवतीच्या कॉब आणि ग्विनेट काउंट्या १९७६ च्या कार्टर यांच्यानंतर २०१६ मध्ये प्रथमच डेमोक्रॅटांकडे गेल्या. पदवी हातात असलेला, विशेषतः बायकांचा, वर्ग ट्रम्पच्या बोलण्याला विटला. त्यात २०१७ च्या करकायद्याने घरपट्टी आणि राज्याचा प्राप्तिकर मिळून १०,००० डॉलरच्या वर वजावट बंद केली. न्यू जर्सीसारख्या राज्यात नुसती घरपट्टीच तेवढी भरते. २०१८ ला रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह गमावलं ते मुख्यतः अशा वस्त्यांत. (२०२५ मध्ये ती मर्यादा ४०,००० केली, उगीच नाही.) नंतर २४ जून २०२२ ला गर्भपाताचा देशभरचा हक्क काढून घेणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि उरलीसुरली भर पडली.

बरं, हे सगळं पक्कं झालं म्हणाल तर तसंही नाही. न्यू जर्सीतली पसेइक काउंटी, हिस्पॅनिक वस्ती दाट. २०२० ला बायडन, २०२४ ला ट्रम्प, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट मिकी शेरिल. डिसेंबरात मायामी शहराचं महापौरपदही जवळपास ३० वर्षांनी डेमोक्रॅट आयलीन हिगिन्स यांच्याकडे गेलं. मात्र या निवडणुकांना मतदार कमी येतात आणि येणारे नेहमीचे पक्के. २०२० ला स्टारमध्ये जे सहा हजार उगवले, तसले लोक अशा वर्षी घरीच असतात. म्हणून २०२४ च्या शेजारी २०२५ ची ओळ लिहिताना मध्ये रेघ मारा.

टेक्सासच्या रिपब्लिकनांनी मात्र २०२४ चीच ओळ कायमची धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी मतदारसंघांचा नकाशा दहा वर्षं न थांबता मध्येच बदलला. पाच जागा वाढवायच्या, त्यातल्या काही थेट हिस्पॅनिक बहुसंख्येच्या, कुएलार आणि गोन्सालेस यांच्यासुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात तो वापरायला मुभा दिली. खालची मतं वरच्या ट्रम्पमागे जातील हा त्यातला हिशेब. २८ आणि ३४ मध्ये तो गेल्या खेपेलाच चुकला होता.

कुएलार यांच्यावर लाचखोरीचा खटला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला ट्रम्पने त्यांना माफी दिली. माफी खिशात घालून गृहस्थ पुन्हा डेमोक्रॅट म्हणूनच अर्ज भरते झाले आणि ट्रम्प जाहीरपणे चिडला, म्हणे निष्ठाच नाही!

प्रायमरी ३ मार्चला आहे. स्टार काउंटीत कुठल्या पक्षाच्या प्रायमरीला किती लोक गेले, ते दोन आकडे कळवते. चौथ्या ओळीसाठी जागा ठेवा. तुमच्या प्रभागाचे आकडेही मला पाठवा, चारही जागांचे वेगवेगळे. काकूंना नमस्कार, आणि बुधवारच्या संक्रांतीचा तिळगूळ माझ्या वाटणीचाही खा.

तुमची पुतणी,
मंजू